अंगावर सतरा टन हवा, तरी आपण चपटे का होत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजवरून निघाला. आपला एक श्रोता मित्रांबरोबर मालवणला चाललाय. तारकर्लीला स्कुबा करायचा प्लॅन आहे, आणि याला नेमकी सर्दी झालीय. ग्रुपमधला एक हुशार मित्र म्हणतोय, अरे, आपलं शरीर रोज सतरा टन हवा अंगावर घेऊन फिरतं, पाच मीटर पाण्यानं काय होतंय! तर श्रोत्याचा प्रश्न असा, की हे सतरा टन खरं आहे का, आणि खरं असेल तर मित्राचं म्हणणं बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हो. दुसऱ्याचं अजिबात नाही. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी कशी खरी असतात, तेच आज बघायचंय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे यातलं भौतिकशास्त्र मी सांगते, पण तुमच्या स्वतःच्या कानाबद्दल शंका असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको.

आधी हिशेब. समुद्रसपाटीला हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखावर एक किलो साखरेची पिशवी ठेवल्यासारखं. मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर, म्हणजे १७,००० चौरस सेंटिमीटर. करा गुणाकार. सतरा टन. तीन मोठे हत्ती.

पण हे हत्ती डोक्यावर बसलेले नाहीत, इथेच पहिली गफलत होते. दाब सगळ्या बाजूंनी असतो. छातीवर जेवढा, तेवढाच पाठीवर. डोक्यावर जेवढा, तेवढाच पायांकडून वर. सगळी बेरीज-वजाबाकी केली तर काय उरतं माहितीये? साठ किलोच्या माणसासाठी जेमतेम सत्तर ग्रॅम, आणि तेही वरच्या दिशेनं! पाणी जसं आपल्याला थोडं उचलतं, तशी हवाही किंचित उचलते. त्यामुळे 'हवेच्या वजनाखाली आपण दबलोय' हे वाक्य तसं चुकीचंच आहे.

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर हे सगळं स्क्रीनवर बघता येतं. सगळ्या फोनमध्ये नसतो, स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा नसतोच, पण आयफोनमध्ये २०१४ च्या आयफोन ६ पासून आहे. एखादं बॅरोमीटरचं ॲप टाका आणि उंच इमारतीत लिफ्टनं वर जा. दर आठ-साडेआठ मीटरला आकडा एक हेक्टोपास्कलनं खाली येतो. विसाव्या मजल्यापर्यंत सहा-सात उतरतो. मुंबईत हा आकडा १०१० च्या आसपास असतो, पुण्यात ९५० च्या आसपास. म्हणजे सहा टक्के कमी. आता सतरा टनाचे सहा टक्के काढा. मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत आपल्या अंगावरून एक टन भार उतरलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. फार तर खंडाळ्याच्या घाटात कानात दडे बसतात, एक आवंढा गिळला की मोकळे होतात.

या दड्यांवर आपण परत येणारच आहोत. एक टन कमी झाल्याचं अख्ख्या शरीराला कळलं नाही, ते फक्त कानाला कळलं. का?

त्यासाठी शरीर आतून कसं आहे ते बघू. आपण निम्म्याहून जास्त पाणी आहोत, आणि पाणी दाबलं जात नाही. अगदीच नाही असं नाही, पण एक वातावरणाइतका दाब वाढवला तर पाण्याचं आकारमान अंदाजे ०.००५ टक्के कमी होतं. म्हणजे काहीच नाही. रंगपंचमीचा पाण्यानं भरलेला फुगा आणि झाकण लावलेली रिकामी बाटली, दोन्ही समुद्रात खोल सोडा. बाटली चेपून जाईल. फुगा मात्र जसाच्या तसा राहील, कारण बाहेरचा दाब वाढला की आतलं पाणीही त्याच दाबाला येतं आणि रबराला दोन्हीकडून सारखंच ढकललं जातं. आपले स्नायू, रक्त, यकृत, मेंदू हे सगळं त्या फुग्यासारखं आहे.

शाळेत आपल्याला एक ओळीचं उत्तर शिकवलं होतं, 'शरीरातून बाहेर तेवढाच दाब असतो म्हणून'. उत्तर बरोबर आहे, पण ते पाठ करून मला तरी असं वाटायचं की शरीर आतून दिवसभर जोर लावून उभं आहे, दरवाजा ढकलून धरल्यासारखं. तसं काही नाहीये. खुर्चीवर बसलात की खुर्ची तुम्हाला वर ढकलते, पण त्यासाठी ती व्यायाम करत नाही. आतला दाब शरीर बनवत नाही, तो बाहेरूनच आत पोचतो. हवेचा दाब सहन करण्यासाठी आपण एक कॅलरीसुद्धा खर्च करत नाही.

आता कुणी म्हणेल, मग ब्लड प्रेशर काय? तो तर हृदय तयार करतंच की. करतं. पण १२०/८० हा आकडा कशाचा आहे ते बघा. हवेचा दाब त्याच मापात, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, ७६० असतो. रक्ताचा दाब त्यापेक्षा कमी असता तर धमनीला भोक पडल्यावर हवा आत शिरली असती, रक्त बाहेर आलं नसतं! १२० म्हणजे हवेच्या दाबापेक्षा १२० जास्त. खरा दाब ८८०. डॉक्टर तुम्हाला जे सांगतात तो फरक असतो, डिफ. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल. पूर्ण फाइल कुणी वाचत नाही, आपण डिफ वाचतो. शरीरही तेच करतं.

हा फरक काय करू शकतो त्याचा सगळ्यात गाजलेला खेळ जर्मनीत झाला. १६५० च्या दशकात ऑटो फॉन गेरिके नावाच्या माणसानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडले, आतली हवा पंपानं काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपून ते ओढायला लावले. गोल साधारण अर्ध्या मीटरचा. आत पूर्ण पोकळी असेल तर तो उघडायला दोन टनांची ओढ लागते. घोड्यांचा घाम निघाला. आणि आत हवा सोडल्यावर? दोन्ही अर्धे हातानं सुटले. बाहेरची हवा तीच, तेवढीच. फक्त आता तोडीस तोड हवा आतही होती.

याची घरगुती आवृत्ती म्हणजे तुंबडी. आजकाल तिला कपिंग म्हणतात आणि पैसे जास्त घेतात. पाठीवर कप लावून आतली हवा कमी केली की कातडी फुगून कपात वर येते. आपल्याला वाटतं कप कातडी ओढतोय. ओढत काहीच नाही. तेवढ्या गोलात बाहेरचा दाब कमी झाला, आतला होता तसाच राहिला, म्हणून आतल्यानं कातडी वर ढकलली. पुढे जो लालकाळा डाग पडतो तो फुटलेल्या केशवाहिन्यांचा, म्हणजे फरकाचा.

मग बाहेरचा दाब सगळाच काढून घेतला तर माणूस सिनेमात दाखवतात तसा फुटेल का? नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लांक नावाचा तंत्रज्ञ स्पेससूटची चाचणी करत होता. सूटला हवा पुरवणारी नळी निसटली. चौदाएक सेकंदांत तो बेशुद्ध पडला. त्याला आठवलेली शेवटची गोष्ट म्हणजे जिभेवरची लाळ बुडबुडायला लागली होती. तापल्यामुळे नाही, दाब नसल्यामुळे. दाब पुरेसा कमी झाला की शरीराच्या ३७ अंशांनाच पाणी उकळतं. कक्षात तातडीनं हवा भरली आणि तो वाचला. आपली कातडी आणि रक्तवाहिन्या एका वातावरणाचा फरक थोडा वेळ पेलण्याइतक्या मजबूत आहेत. बेशुद्धी आली ती फुटण्यामुळे नाही, ऑक्सिजन संपल्यामुळे.

लेहला विमानानं उतरल्यावर डोकं धरतं, तेही याच कारणानं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास असतो. त्या दाबाचा शरीराला काही त्रास नाही, पण प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी मिळतो. म्हणून पहिले दोन दिवस आराम करा म्हणतात.

आता उलट्या टोकाला जाऊ. दाब वाढवत नेला तर माणूस कुठवर टिकतो? १९९२ मध्ये फ्रान्समध्ये कोमेक्स नावाच्या कंपनीनं एका दाबकक्षात तेओ माव्रोस्टोमोस या पाणबुड्याला ७०१ मीटर खोल पाण्याइतक्या दाबाखाली नेलं. सुमारे ७१ वातावरणं! आपल्या भाषेत बाराशे टन. कित्येक दिवस घेऊन दाब हळूहळू वाढवला, श्वासाला हायड्रोजन, हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण दिलं, कारण एवढ्या दाबाखाली साधी हवाच विषारी ठरते. तो जिवंत बाहेर आला. हाडं मोडली नाहीत, छाती चेपली नाही. फुप्फुसातल्या वायूचा दाबही बरोबरीनं ७१ पट होता ना, मग चेपणार कोण?

आणि आता हे ऐका. हाच माणूस, किंवा तुम्ही-मी, पाण्याखाली फक्त एक मीटरवर एका लांब नळीनं वरची हवा ओढू शकत नाही. कार्टूनमध्ये बोरूतून श्वास घेत पाण्याखाली लपतात ना, ते विसरा. एक मीटर पाणी म्हणजे फक्त एक-दशांश वातावरण. पण नळीमुळे फुप्फुसं वरच्या हवेला जोडलेली, आणि छातीवर मात्र पाण्याचा जास्तीचा दाब. एरवी शांत श्वास घेताना आपण आतला दाब जेमतेम एक मिलिमीटर पाऱ्यानं कमी करतो. सगळा जोर लावला तरी छातीचे स्नायू साधारण एक मीटर पाण्याच्या फरकाशीच झुंजू शकतात, तेही क्षणभर. स्नॉर्केलची नळी वीतभरापेक्षा फारशी लांब नसते ती यासाठी. आणि हा प्रयोग पोहण्याच्या तलावात पाइप घेऊन करायचा नाही, जीव जाऊ शकतो.

७१ वातावरणं चालतात, एक-दशांश चालत नाही. ग्रुपमधल्या त्या हुशार मित्राचं गणित इथे चुकतं. तो सतरा टनाला ताकद समजतोय. ती ताकद नाहीये, दोन्हीकडून सारखं असल्यामुळे झालेली बरोबरी आहे. फरकाच्या बाबतीत आपण खूपच नाजूक आहोत, आणि तेही फक्त तिथे, जिथे हवा कोंडलेली असते. अशा जागा मोजक्या. फुप्फुसं, मधला कान, नाकाभोवतीच्या कपाळातल्या आणि गालांतल्या पोकळ्या, आतडी. किडलेल्या दातात अर्धवट भरलेली पोकळी असेल तर तोसुद्धा विमानात ठणकतो.

फुप्फुसांपासून सुरुवात करू, कारण जीवाशी खेळ तिथे आहे. स्कुबाचा रेग्युलेटर हुशार यंत्र आहे. तुम्ही जितके खोल, तितक्याच दाबाची हवा तो तोंडात देतो. म्हणून पाण्याखाली छाती सहज फुगते. पाच मीटरवर दाब दीडपट, म्हणजे छातीत दीडपट हवा दाटून बसलेली. आता समजा तुम्ही घाबरलात, श्वास रोखून धरलात आणि हातपाय मारत वर आलात. बाहेरचा दाब कमी होत जातो, आतली हवा पसरत जाते आणि तिला जायला वाट नाही. छाती पूर्ण भरलेली असताना श्वास कोंडून सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. फाटलं की हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि थेट मेंदूपर्यंत पोचू शकतात. किंवा हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत शिरते. त्या फटीत दाब नेहमी बाहेरच्यापेक्षा थोडासा कमी असतो, त्या जोरावरच फुप्फुस फुललेलं राहतं. तिथे हवा शिरली की ते आकसतं.

स्वतःच्या दमावर बुडी मारणाऱ्याचं तसं होत नाही. त्यानं वरून घेतलेली हवा खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. धोका खाली जाऊन हवा घेणाऱ्याला आहे. मालवण असो, गोवा असो की अंदमान, स्कुबाच्या अर्ध्या तासाच्या शिकवणीत इन्स्ट्रक्टर पहिलं वाक्य सांगतो, श्वास कधीच रोखायचा नाही. बरेच जण तेव्हा गोप्रोचा अँगल बघत असतात. भीती वाटली तर इन्स्ट्रक्टरला खूण करा, श्वास चालू ठेवा आणि त्याच्याबरोबर सावकाश वर या.

आता कान. पडद्याच्या मागे एक छोटी हवेची खोली आहे आणि तिथून घशाच्या मागे एक नळी उघडते, युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते. गिळलं, जांभई दिली की क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. घाटात 'टक्' होतं ते हेच. वर जाताना आतली जास्तीची हवा स्वतःच वाट काढते. त्रास खाली येताना. बाहेरचा दाब वाढलेला, आतला कमी, आणि नळीचं घशाकडचं तोंड मऊ असल्यामुळे चिमटल्यासारखं आणखी मिटतं. म्हणून विमान उतरताना बाळं रडतात. तेव्हा त्यांना दूध पाजा, गिळण्यानं कान मोकळे होतील. आपण च्युइंगम चघळावं, किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकर मारावी. हलकेच. या युक्तीला व्हॅल्साल्वा म्हणतात, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून.

विमान ११ किलोमीटरवर असतं तेव्हा बाहेर दाब एक-चतुर्थांशाहून कमी असतो, पण केबिनमध्ये तो फार तर आठ हजार फुटांवर असतो तेवढाच उतरू देतात, म्हणजे पाऊण वातावरण. कान पूर्ण बंद राहिला तर मुंबईत उतरेपर्यंत पडद्यावर पाव किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा फरक साचतो. पडदा इवलासा, त्याच्यावर दीडशे ग्रॅमचा भार. पण जाडी फक्त एक-दशांश मिलिमीटर! कळ का येते ते कळलं असेल.

सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनमध्ये हवा भरण्याचा स्विच चालू करायचाच राहिला. विमान वर जाऊ लागलं तसा आतला दाबही उतरत गेला. ऑक्सिजनचे मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांना त्रास झाला, कुणाच्या नाकातून रक्त तर कुणाच्या कानातून, आणि विमान मुंबईला परत आणावं लागलं. बाकीच्या शंभरहून अधिक प्रवाशांना फारसं काही झालं नाही. हवा तीच, विमान तेच. माझ्या मते यात ज्याच्या त्याच्या नळ्या किती मोकळ्या, याचा मोठा वाटा असणार.

आता सर्दीवाल्या श्रोत्याकडे. सर्दीत या नळीचं आणि कपाळातल्या पोकळ्यांच्या वाटांचं अस्तर सुजतं. विमानात पाव वातावरणाचा फरक अर्ध्या तासात हळूहळू येतो. पाण्यात तेवढा फरक अडीच मीटरवर येतो, काही सेकंदांत. म्हणून मोकळे कान असलेल्यांनीही पहिल्या मीटरपासूनच, दुखायच्या आधी, कान मोकळे करत जायचे असतात. फरक सव्वा मीटर पाण्याच्या पुढे गेला की नळी अशी काही मिटते की गिळूनही उघडत नाही. तिथे जोर लावू नका, थोडं वर या. आणि नाक चोंदलेलं असेल तर उतरूच नका. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरावं असंही कुणी सुचवेल. तिचा असर पाण्याखाली संपला तर हवा आत अडकते आणि वर येताना दुखतं, आणि वर तर यावंच लागतं. पैसे भरले असतील तर तारीख बदलून घ्या. मित्र खाली मासे बघतील तेव्हा तू किनाऱ्यावर बांगडा खा, तोही मासाच आहे.

शेवटी परतीच्या तिकिटाचं, कारण हे कुणी सांगत नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. दाब एकदम कमी झाला की सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येऊ शकतात. पाच-सहा मीटरवरच्या वीस मिनिटांच्या डाइव्हमध्ये हा धोका फारच कमी असतो, तरीही विमान पकडण्यापूर्वी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबा, असा संकेत आहे. म्हणजे सकाळी तारकर्लीत डाइव्ह आणि संध्याकाळी मोपा किंवा चिपीहून विमान, असं बुकिंग करू नका. गाडीनं कोल्हापूर-पुण्याकडे निघणार असाल तर आंबोली घाटही सात-एकशे मीटर उंच आहे, हे ध्यानात ठेवा. डाइव्ह पहिल्या दिवशी आटपून घ्या आणि सिंधुदुर्ग किल्ला शेवटच्या दिवसासाठी ठेवा.